पाकिटाशिवायचा किराणा: चार माणसांच्या घराची तयारी

आधी पंधरा दिवस रिकाम्या पाकिटांची एक पिशवी वेगळी साठवा आणि मग ती जमिनीवर ओता. पीठ, तेल, बिस्किटं-फरसाण आणि झटपट नाश्त्याची पाकिटं, एवढेच ढीग बहुतेक घरांत निघतात. पहिल्या महिन्यात त्यातल्या दोनच गोष्टींना हात घाला, म्हणजे पीठ आणि तेल. मीठ मात्र पाकिटातलं, आयोडीनचंच राहू द्या. तिथे गावरानचा हट्ट नको.

रब्बीची नवी ज्वारी सोलापूर-मंगळवेढ्याकडून फेब्रुवारी-मार्चमध्ये यायला लागते. मालदांडी हा वाण मागा. खरिपाच्या ज्वारीच्या कणसावर पाऊस पडला की दाणा काळा पडतो, त्यामुळे ती स्वस्त मिळाली तरी नीट पाहून घ्या. चार माणसांना एका वेळेला आठ भाकऱ्या धरल्या तर रोज साधारण ७०० ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे महिन्याला वीसेक किलो. नवख्यांनी वर्षाचं पोतं भरू नये, पंचवीस किलोच घ्यावी. मूठभर दाणे तळहातावर पसरा. भोक पडलेले दाणे किंवा बोटांना लागणारी भुकटी दिसली तर पुढच्या दुकानी जा. एक दाणा दाताखाली धरा: कटकन फुटला तर वाळलेला आहे, नुसता चेपला तर ओल आहे.

घरी आणल्यावर दोन कडक उन्हं द्यायची. चूक होते ती यानंतर. संध्याकाळी गरम दाणे तसेच कोठीत भरले की आत वाफ धरते, झाकणाला पाणी सुटतं आणि वरचा थर बुरशीने गठ्ठा होतो. रात्रभर पसरून गार होऊ द्या, सकाळी भरा. कडुनिंबाचा पालाही सावलीत खडखडीत वाळवलेलाच घाला. ओला पाला म्हणजे आपण होऊन घातलेली ओल. दळण दहा दिवसांचं, सात किलोचं. त्याहून जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, थापताना भाकरीच्या कडा फाटतात आणि लोक ज्वारीला नावं ठेवतात. विरी गेलेलं पीठ फेकू नका, उकळत्या पाण्यात उकड काढून मळा.

लाकडी घाण्याच्या शेंगदाणा तेलाचं गणित तोंडपाठ हवं: एका लिटरला साधारण अडीच किलो दाणे. अडीच किलो दाण्यांच्या भावातून पेंडीचे पैसे वजा करा. तेलाचा भाव त्याहूनही खाली असेल तर त्यात दुसरं काहीतरी आहे. शक्य असेल तर दाणे तुमचेच न्या आणि आधी निवडा. सुरकुतलेले, काळे-हिरवट बुरशीचे, कुबट वासाचे दाणे काढून टाका, कारण त्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन हे विष असू शकतं. ताजं तेल गढूळच असतं. स्टीलच्या डब्यात चार-पाच दिवस न हलवता ठेवा आणि वरचं नितळ तेल ओतून घ्या. गाद तशीच राहिली तर तळताना फेस येतो आणि ती जळते. दोन महिन्यांपेक्षा जास्त साठा नको.

गूळ गुऱ्हाळं चालू असताना, जानेवारीच्या सुमारास घ्या. पिवळाधमक गूळ बहुधा हायड्रॉस पावडर घालून उजळलेला असतो. तपकिरी ढेप बरी. पावसाळ्यात गूळ पाझरतो, म्हणून पावसाआधीच फोडून घट्ट झाकणाच्या डब्यांत भरा. हातसडीचा तांदूळ पाच किलोच्या वर नको, कोंड्यातलं तेल खवट होतं. आंबेमोहर म्हणून इंद्रायणी दिली जाते, तेव्हा दाणा पाहा: आंबेमोहर आखूड आणि जाडसर, इंद्रायणी लांबट. अख्ख्या मुगा-मटकीला किलोमागे चमचाभर एरंडेल चोळलं की भुंगा लागत नाही.

भाजीसाठी आठवडी बाजार. जुलै २०१६ मध्ये राज्यात फळं-भाज्या बाजार समितीच्या नियमनातून वगळल्या गेल्या, त्यामुळे शेतकऱ्याला शहरात थेट विकता येतं. पण आठवडी बाजारातला प्रत्येकजण शेतकरी नसतो. मेथी, मुळे आणि शेपू घेऊन बसलेल्या मावशींना "कुठलं गाव? कधी काढली?" विचारा, उत्तर लगेच येतं. ज्याच्याकडे बारा भाज्या आणि वर सफरचंदंही आहेत, तो व्यापारी. त्याच्याकडून घ्यायला हरकत नाही, फक्त गावरानचा भाव देऊ नका. सकाळी लवकर जा. सुटे पैसे, कापडी पिशव्या आणि पालेभाजीसाठी ओलं फडकं न्या.

पावसाळ्यात करटुली, टाकळा, भारंगी येतात. कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव ऑगस्टमध्ये भरतात, ओळख तिथे करून घ्या. शेवळं, म्हणजे सुरणाच्या कुळातली रानभाजी, मात्र पहिल्यांदाच एकट्याने आणू नका. विकणाऱ्या बाईंकडून सोबत काकडं ही आंबट रानफळं मागून घ्या, ती घातल्याशिवाय आणि नीट शिजवल्याशिवाय शेवळं घशाला खाजतात.