जुना मेटल डिटेक्टर घेतलाय? मशीन बिघडलंय म्हणण्याआधी या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात जुना मेटल डिटेक्टर विकायला निघतो, तेव्हा त्याच्यामागे बहुधा गुप्तधन असतं. म्हणजे न सापडलेलं गुप्तधन. कुणीतरी हौसेनं मशीन घेतो, चार दिवस माळावर फिरवतो, गंजके खिळे आणि बाटल्यांची बुचं गोळा करतो आणि मग ते माळ्यावर टाकून देतो. घेणाऱ्याच्या दृष्टीनं यात चांगली गोष्ट एवढीच की असं मशीन फारसं झिजलेलं नसतं. वाईट गोष्ट ही की सेल आतच राहिलेले असतात.

शेतात पडलेली नथ, नदीघाटावर बोटातून सुटलेली अंगठी, उसाच्या पाल्यात गेलेला कोयता, ट्रॉलीची पिन, प्लॉटच्या हद्दीचा पुरलेला गज ही या मशीनची खरी कामं. ती जुन्या मशीनवरही नीट होतात. तक्रारी येतात त्यातल्या बऱ्याच मशीनच्या नसतातच.

घेताना: नेमकं काय घेताय ते बघा

हॉलच्या दारात किंवा मॉलमध्ये सुरक्षा रक्षक अंगावरून फिरवतो ती दांडकी आणि जमिनीत शोधायचं मशीन या दोन वेगळ्या वस्तू आहेत. ‘मेटल डिटेक्टर, चालू स्थितीत’ एवढंच लिहून दांडकीही विकली जाते. ती कंबरेचा पट्टा पकडते, बांधाखालची अंगठी नाही. जमिनीच्या मशीनला खाली थाळीसारखी कॉइल, मध्ये दांडा आणि वर कंट्रोल बॉक्स असतो.

दुसरं, खोलीचे दावे. ‘वीस फूट खालचं सोनं दाखवतो’ असं कुणी म्हणालं की चहा प्यायचा आणि उठायचं. साधारण आठ-नऊ इंची कॉइलचं साधं मशीन नाण्याएवढी वस्तू चांगल्या मातीत वीतभर खोलीपर्यंत सांगतं. घागरीएवढं भांडं त्याहून खाली, हातभर किंवा थोडं जास्त. कॉइल जमिनीत चुंबकीय क्षेत्र सोडते, त्यानं धातूत प्रवाह उठतो आणि त्या प्रवाहाचं क्षीण क्षेत्र कॉइल परत पकडते. अंतर वाढलं की हे परतणारं क्षेत्र भराभर विरतं. त्यामुळे खोलीला मर्यादा येते, आणि ती कुठल्याही कंपनीला चुकत नाही.

विकणाऱ्याला एक प्रश्न जरूर विचारा: ‘यात सेल कुठले घालता?’ उत्तर लगेच आलं नाही तर मशीन बऱ्याच दिवसांत चाललेलं नाही असं समजा आणि भाव तसा करा.

घड्याळाचे सेल घालू नका

गावातल्या दुकानात सहज मिळतात ते स्वस्त कार्बन-झिंक सेल. घड्याळाला, रिमोटला ठीक. डिटेक्टरला सतत प्रवाह लागतो, आणि त्या ओढीला हे सेल लवकर बसतात. मशीन चालू होतं, दहा मिनिटांनी आवाज मंदावतो, मग उगाचच किरकिरायला लागतं, आणि मालक म्हणतो सर्किट गेलं. अल्कलाइन सेल घाला, सगळे एकदम नवे, एकाच कंपनीचे. जुना-नवा मिसळू नका.

रिचार्जेबल सेलचा वेगळा घोळ आहे. साध्या सेलचा दाब १.५ व्होल्ट, रिचार्जेबलचा १.२. गॅरेट कंपनीच्या एस २५० या साध्या मशीनमध्ये चार पेन्सिल सेल बसतात, म्हणजे ६ व्होल्टच्या जागी ४.८ मिळतात. काही मशीनं तेवढ्यावर बिनतक्रार चालतात, काही पहिल्या मिनिटापासून बॅटरी कमी असल्याचं दाखवतात. मल्टीमीटर असेल तर मशीन चालू ठेवून दाब मोजा. बंद मशीनवर मोजलेला आकडा फसवतो, कारण थकलेला सेलही रिकामा बसलेला असताना जवळपास पूर्ण दाब दाखवतो.

सेल फुटून डब्यात पांढरी-हिरवी पूड धरली असेल तर घाबरायचं कारण नाही. अल्कलाइन सेलची गळती क्षारधर्मी असते, ती लिंबाच्या रसानं किंवा व्हिनेगरनं निघते. कार्बन-झिंकची आम्लधर्मी, तिला पाण्यात कालवलेला खायचा सोडा. कापसाच्या काडीवर थोडंच घ्या, डोळे-हात सांभाळा, नंतर कोरडं पुसून पट्ट्या बारीक सँडपेपरनं घासा. डब्यातून बोर्डाकडे जाणारी वायर आतून काळी पडली असेल तर मात्र ती बदलावीच लागते. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा कुणीही हे काम करून देईल.

घरात चाचणी घेऊ नका

नवा मालक मशीन घरी आणतो, हॉलमध्ये फरशीवर ठेवतो, चालू करतो आणि ते जे ओरडायला लागतं ते थांबतच नाही. स्लॅबमधल्या सळ्या, भिंतीतली वायर, फॅन, इन्व्हर्टर, एलईडी दिवे, खिशातला मोबाईल यातलं काहीही पुरतं. मशीन आपलं काम करतंय.

अंगणातही नको, तिथं पाइपलाइन असते. मोकळ्या रानात, विजेच्या तारा आणि ट्रान्सफॉर्मरपासून लांब जा. मोबाईल बंद करून लांब ठेवा. मशीन लाकडी बाकावर आडवं ठेवून कॉइलसमोरून नाणं हलवा. हलवायचंच, कारण बरीच मशीनं हालचालीवरच बोलतात. नाणं स्थिर धरून ‘आवाज येत नाही’ म्हणणारे पुष्कळ भेटतात.

आवाजच नसेल तर हेडफोनची पिन आठ-दहा वेळा आतबाहेर करा. जॅकच्या आत एक बारीक पट्टी असते, पिन घातली की ती स्पीकरची जोडणी तोडते. गंजून ती तशीच अडकली तर स्पीकर मुका होतो. आवाजाचा नॉब फिरवताना खरखर येत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून नॉब पुढे-मागे फिरवा.

वेल्डिंगवाल्याचा पाइप

जुन्या मशीनमध्ये हा प्रकार हमखास सापडतो. खालचा प्लॅस्टिकचा किंवा फायबरचा दांडा मोडला म्हणून आधीच्या मालकानं लोखंडी पाइप जोडलेला असतो, किंवा कॉइलचा प्लॅस्टिकचा बोल्ट हरवला म्हणून स्टीलचा नट-बोल्ट. तो बोल्ट कॉइलच्या कुशीतच बसतो. मग मशीन एक तर सतत कुरकुरतं, नाहीतर बहिरं होतं. कॉइलजवळचा भाग बिगरधातूच पाहिजे. नायलॉनचा बोल्ट आणि पीव्हीसी पाइपचा तुकडा बेळगावच्या कुठल्याही हार्डवेअरमध्ये मिळतो.

केबल दांड्याभोवती घट्ट गुंडाळलेली हवी. ती लोंबत राहिली तर प्रत्येक हेलकाव्याला खोटा आवाज देते. कॉइलच्या खाली प्लॅस्टिकचं कव्हर असेल तर ते काढून बघा, आत तांबडी माती साचून दगड झालेली असते. धुऊन टाका. कॉइल पाण्यात चालते म्हणून वरचा डबाही चालतो असं नाही. खानापूरच्या पावसात डब्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधल्याशिवाय जाऊ नका.

तांबड्या मातीत सेन्सिटिव्हिटी कमी करा

या भागातली खरी अडचण ही आहे, आणि परदेशी व्हिडिओ बघून शिकलेल्यांना ती लवकर कळत नाही. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडची जांभ्याची जमीन लोहानं भरलेली आहे. मशीनला ती जमीनच धातूसारखी वाटते. अशा जागी माणूस काय करतो, तर काही लागत नाही म्हणून सेन्सिटिव्हिटी, म्हणजे मशीन किती बारीक खूण पकडेल ते सेटिंग, शेवटच्या टोकाला नेतो. मग मशीन मातीलाच उत्तर द्यायला लागतं आणि त्या गोंगाटात अंगठीचा आवाज बुडून जातो. सेन्सिटिव्हिटी निम्म्यावर आणा, कॉइल जमिनीपासून दोन बोटं वर धरा. उलटं वाटेल, पण अशा मातीत कमी सेटिंगवरच जास्त खोलचं ऐकू येतं.

ग्राउंड बॅलन्सचा, म्हणजे मातीचा आवाज वजा करायचा, नॉब असलेलं मशीन मिळालं असेल तर तुम्ही नशीबवान. आधी जिथं काही वाजत नाही असा तुकडा शोधा. कॉइल गुडघ्यापासून जमिनीच्या चार बोटांपर्यंत खाली-वर करा. खाली नेताना आवाज वाढत असेल तर नॉब किंचित एका बाजूला फिरवून परत बघा. आणखी वाढला तर दुसऱ्या बाजूला. खाली-वर करताना आवाज एकसारखा राहिला की झालं. साध्या मशीनमध्ये हा बॅलन्स कारखान्यातच ठरवलेला असतो, तिथं सेन्सिटिव्हिटी हाच उपाय.

अथणी, रायबागकडच्या काळ्या रानात गेलात की बॅलन्स नव्यानं करा. तिथली माती बेसॉल्ट झिजून झालेली, त्यात मॅग्नेटाइटचे कण असतात. ओली झाली की तीच माती कॉइलला चिकटून लोंबते, तेव्हा अधूनमधून पुसत राहा.

भाजलेली माती हा आणखी एक चकवा. वीटभट्टीच्या जागी, पडक्या घराच्या कौलांच्या खापऱ्यांवर मशीन छान वाजतं. माती भाजली की तिच्यातल्या लोहाचं रूप बदलून ते जास्त चुंबकीय होतं. लोहाराच्या भट्टीजवळचे खंगर तर विचारू नका. खड्डा खणून तुकडाच हाती आला की तो कॉइलसमोर फिरवून बघा, तोच वाजत असेल.

लोखंड बाद केलंत तर रुपयाही बाद होतो

मशीनवर लोखंड गाळायची सोय असते, तिला डिस्क्रिमिनेशन म्हणतात. खिळ्यांना कंटाळून लोक ती पूर्ण चढवतात. पण १९९२ पासूनचा आपला एक रुपया स्टेनलेस स्टीलचा आहे, चुंबकाला चिकटतो. मशीन त्याला लोखंडाकडे ढकलतं किंवा तुटक आवाज देतं. ‘नाण्यावर चाचणी केली, वाजलं नाही’ या तक्रारीचं मूळ बऱ्याचदा इथं असतं. चाचणीला जुनं तांब्याचं किंवा पितळेचं काहीतरी घ्या. पडद्यावरचे आकडे आणि नाण्यांची चित्रंही अमेरिकन नाण्यांवर बेतलेली असतात, आपल्याकडे ती अंदाजापुरतीच.

सोन्याचं तर याहून अवघड. पातळ अंगठी किंवा नथ आणि गोळ्यांच्या पाकिटाची चंदेरी पट्टी यांचा आवाज जवळजवळ एकच येतो. पट्टीचा भाग गाळलात की नथही गेली. म्हणून हरवलेला दागिना शोधताना काहीही गाळू नका, वाजेल ते खणा. साखळी सगळ्यात वाईट, कारण मशीनला ती अखंड दिसत नाही, एकेक बारीक कडी दिसते. मंगळसूत्र शोधताना वाट्यांच्या आवाजावर भरवसा ठेवा.

एक युक्ती मात्र फार उपयोगी आहे. हरवलेल्या अंगठीसारखीच दुसरी अंगठी घरातून मागून घ्या, तिला दोरा बांधा, त्याच रानात चार बोटं खाली ठेवा आणि आवाज कानात बसवून घ्या. मग दोऱ्यांनी पट्टे आखून कॉइल सपाट ठेवून फिरवा, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढलेली. हाताला कडं आणि कंबरेला कोयता नको. झोक्याच्या टोकाला कॉइल वर उचलण्याची सवय सगळ्यांनाच लागते, आणि कडेच्या वस्तू तिथंच सुटतात.

‘काय गावलं काय ओ?’

मशीन घेऊन रानात उभं राहिलात की बांधावरून हा प्रश्न येणारच, आणि संध्याकाळपर्यंत गावात हंडा सापडल्याची बातमी होते. त्यामुळे जमीनमालकाला आधी सांगा, त्यालाच बरोबर घ्या, खड्डे बुजवा.

कायदा गमतीचा नाही. जमिनीत दडलेलं मोलाचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं, हे १८७८ च्या कायद्यापासून चालत आलंय. त्या कायद्यातली मर्यादा होती दहा रुपये. कर्नाटकाचा गुप्तधनाचा स्वतःचा कायदा १९६२ चा आहे, आणि हद्द ओलांडून महाराष्ट्रात चंदगडला गेलात म्हणून सुटका होत नाही. शंभर वर्षांवरच्या वस्तूंना १९७२ चा पुरावशेष कायदा लागतो. केंद्र संरक्षित स्मारकाभोवतीचे १०० मीटर प्रतिबंधित आणि पुढचे २०० मीटर नियंत्रित असतात. बेळगावचा किल्ला, हलशीची कदंबकालीन देवळं, कित्तूरचा वाडा, वडगाव-माधवपूरची सातवाहनकालीन वसाहत अशा जागी मशीन नेऊच नका. लष्कराच्या हद्दीतही नको. आणि लिंबू-हळद घेऊन ‘जागा दाखवतो’ म्हणणारा कुणी आला तर लक्षात असू द्या, गुप्तधनासाठीचे अघोरी प्रकार कर्नाटकात २०१७ च्या कायद्यानं गुन्हा आहेत.

दुरुस्ती कुठवर करायची

सेल, पट्ट्या, जॅक, नॉब, बोल्ट, केबलचं टोक एवढं सगळं तपासूनही मशीन हवेत नाणं पकडत नसेल तर बहुधा कॉइल गेलेली असते. तडा जाऊन पाणी शिरलेलं असतं, किंवा कॉइलच्या बुडख्याशी वायर तुटलेली. बुडख्याची वायर हलवल्यावर आवाज येतो-जातो असं असेल तर ती जोडता येते. कॉइलच मेली असेल तर त्याच मॉडेलची लागते. पिना जुळल्या म्हणून दुसऱ्या मशीनची कॉइल चालत नाही, कारण तिची फ्रिक्वेन्सी वेगळी असते. एस २५० ची ६.५ किलोहर्ट्झ आहे, दुसऱ्या कुणाची दुप्पट असेल. मशीन चालू असताना कॉइल काढू-घालू नका.

व्हाइट्ससारखी जुनी कंपनी २०२० मध्ये बंद झाली, तेव्हा तिच्या मशीनला कॉइल मिळणं नशिबाचं काम. कॉइलची किंमत नव्या साध्या मशीनच्या निम्म्यावर जात असेल तर जुन्यातले दांडा, हेडफोन आणि बोल्ट काढून ठेवा आणि बाकीचं सुट्या भागांसाठी म्हणून विकून टाका. सेल काढून.