एटीमेगा३२८पी: सिरीयल डेटा पाठवत असतानाच घ्यायचा कसा

एटीमेगा३२८पी (आर्डुइनो ऊनोवरचा मायक्रोकंट्रोलर) च्या यूएआरटीमध्ये, म्हणजे सिरीयल डेटा पाठवणाऱ्या-घेणाऱ्या भागात, पाठवण्याचे आणि घेण्याचे शिफ्ट रजिस्टर (बाइट एकेक बिट करून सरकवणारे) वेगवेगळे असतात. डेटा रजिस्टरचे यूडीआर-० हे नाव एकच, पण त्यात लिहिलेला बाइट एकीकडे जातो आणि वाचलेला दुसरीकडून येतो. हार्डवेअर दोन्ही कामे एकदम करते. अडवतो तो आपला कोड. प्रत्येक बाइट जाईपर्यंत व्हाइल लूपमध्ये थांबलो, तर आलेले बाइट उचलायला कोणीच नसते. हार्डवेअरच्या घेणाऱ्या बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) जागा दोनच बाइटची. तिसरा शिफ्ट रजिस्टरमध्ये ताटकळतो आणि चौथ्याचा स्टार्ट बिट आला की डेटा हरवतो. ११५२०० बॉडला (सेकंदाला इतके बिट) बाइटमागे सुमारे ८७ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे २० अक्षरांची ओळ पाठवेपर्यंत बरेच काही वाहून गेलेले असते.

म्हणून मेमरीत ६४ बाइटचे दोन रिंग बफर (शेवटानंतर पुन्हा सुरुवातीला येणारे) करा, एक पाठवण्याचा, एक घेण्याचा. हेड (लिहिण्याची जागा) आणि टेल (वाचण्याची जागा) ८ बिटी, व्होलटाइल (दर वेळी मेमरीतूनच वाचले जाणारे) ठेवा. हेड फक्त लिहिणाऱ्याने बदलावा, टेल फक्त वाचणाऱ्याने; यांतला एक मुख्य लूप, दुसरा इंटरप्ट (हार्डवेअरने हाक मारताच मुख्य काम थांबवून चालणारा कोड). मग इंटरप्ट बंद करायची गरज पडत नाही.

घेण्याच्या इंटरप्टमध्ये आधी स्थिती सांगणारे रजिस्टर यूसीएसआर-०-ए वाचून एफई-० (फ्रेमची चूक) आणि डीओआर-० (डेटा हरवला) हे चूक दाखवणारे बिट तपासा, मगच यूडीआर-० वाचा. क्रम उलटला तर त्या बाइटची चूक कळत नाही. बाइट बफरमध्ये टाका आणि बाहेर पडा. ओळ तपासणे, छापणे हे मुख्य लूपचे काम.

पाठवताना मुख्य लूपने बाइट बफरमध्ये ठेवून यूडीआरआयई-० हा बिट (यूडीआर-० रिकामे असताना इंटरप्ट आणणारा) चालू करावा. इंटरप्टमध्ये बफर रिकामा असेल तर तोच बिट बंद करा, नाहीतर पुढचा बाइट यूडीआर-० मध्ये लिहा. बंद करायचे राहिले तर इंटरप्ट लागोपाठ येत राहतो आणि मुख्य लूप जवळजवळ थिजतो. हे सर्रास विसरले जाते.

१६ मेगाहर्ट्झवर ११५२०० साठी यू२एक्स-० (दुप्पट वेगाचा बिट) चालू करून यूबीआरआर-० (बॉड ठरवणारे रजिस्टर) मध्ये १६ भरा, बॉडची चूक २.१ टक्के राहते. यू२एक्स-० बंद ठेवून ८ भरले तर ती ३.५ टक्क्यांवर जाते. ९६०० ला, यू२एक्स-० बंद असताना, १०३ भरा.

चाचणीसाठी पीडी-१ (टीएक्स, पाठवण्याची पिन) ची वायर पीडी-० (आरएक्स, घेण्याची पिन) ला जोडून ० ते २५५ सलग पाठवा आणि तोच क्रम परत येतो का पाहा. बॉडची चूक मात्र इथे दिसणारच नाही, कारण दोन्ही बाजूंना घड्याळ एकच आहे. ती यूएसबी-सिरीयल अडॅप्टर लावूनच तपासा: टीएक्स-आरएक्स उलटसुलट, ग्राउंड सामाईक. समोरचे मॉड्यूल ३.३ व्होल्टचे असेल तर त्याच्या आरएक्सआधी १ किलोओहमचा आणि आरएक्सपासून ग्राउंडकडे २ किलोओहमचा रेझिस्टर लावा.

आर्डुइनोची हार्डवेअर सिरीयल हेच करते. सॉफ्टवेअरसिरीयल ही लायब्ररी मात्र बाइट पाठवताना इंटरप्ट बंद करते, त्यामुळे तिला दोन्ही एकदम जमत नाही. ऊनोवर दुसरा पोर्ट हवा असेल तर ऑल्टसॉफ्टसिरीयल ही लायब्ररी वापरा: आरएक्स ८, टीएक्स ९. टायमर-१ तिच्याकडे जातो, म्हणून पिन १० वर पीडब्ल्यूएम (पल्सची रुंदी बदलणारे आउटपुट) मिळत नाही.