लिखाण अडलंय? या चुका टाळा

कथा-कादंबरी लिहिताना हात थांबला की आपण एकच निदान करतो: सुचत नाही. १९४७ साली एडमंड बर्गलर या मनोविश्लेषकाने या अवस्थेला 'रायटर्स ब्लॉक' असं नाव दिलं आणि त्याचं मूळ थेट लेखकाच्या बालपणात शोधलं. इतकं मागे जायची वेळ सहसा येत नाही. बहुतेकदा तीन पानं मागे गेलं तरी पुरतं.

लिखाण अडतं एका ठिकाणी आणि चूक झालेली असते दुसऱ्याच ठिकाणी. पुढच्या बहुतेक चुका या दोन जागांची गल्लत केल्यामुळे होतात.

अडलं तिथेच डोकं आपटत बसणं

शेवटच्या ओळीपाशी कर्सर लुकलुकतोय आणि तुम्ही पुढचं वाक्य शोधताय. तासभर गेला, दोन तास गेले, वाक्य काही येत नाही. कारण पुढे जायला वाटच उरलेली नसते. हा प्रसंग बघा:

"कागद तिथे टेबलावर ठेवलेत, घेऊन जा," दादा म्हणाला.
सुमनने फाइल उचलली आणि पिशवीत ठेवली. दोघंही काही वेळ गप्प बसले.

लेखक अडला तो 'गप्प बसले'पाशी. त्याला वाटतं, आता एखादा चटपटीत संवाद सुचला पाहिजे. पण सुमन आली होती घराचे कागद मागायला आणि ते तिला पहिल्याच वाक्यात मिळाले. आता ती बोलेल कशाला? पात्रं गप्प बसली ती बरोबरच वागली. दुरुस्ती करायची ती वरच्या ओळीत:

"कागद? शोधावे लागतील," दादा म्हणाला.
कपाटाची किल्ली त्याच्या शर्टाच्या खिशात होती. ती तिथे असते हे सुमनला लहानपणापासून माहीत होतं.

आता प्रसंगाला धग आली. ती किल्लीचा विषय काढते की नाही, काढला तर कसा, यावर दोन पानं सहज लिहून होतील, आणि त्यासाठी वेगळं काही 'सुचावं' लागत नाही.

मागे जाताना हे काम असं करा. आधी फाइलची प्रत काढून तिला आजची तारीख द्या. मग शेवटच्या परिच्छेदापासून उलटं वाचत या आणि समासात प्रत्येक परिच्छेदासाठी एकच ओळ लिहा: इथे काय बदललं? कुणाला काही कळलं, कुणी खोटं बोललं, कुणाचं काही हुकलं, असं काहीही चालेल. ज्या जागी लागोपाठ दोन परिच्छेदांसमोर 'काही नाही' लिहावं लागेल, तिथे थांबा. तिथून पुढचा सगळा मजकूर कापून 'कात्रणं' नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये टाका. पुसू नका, कारण पुसायच्या भीतीनेच माणूस कापायला तयार होत नाही. मग तोच परिच्छेद दहा-दहा मिनिटांत तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहा आणि ज्यात पात्र जास्त अडचणीत येतं तो ठेवा.

कापलेले तीनशे-पाचशे शब्द वाया गेल्यासारखे वाटतील. पण ते राखायचे म्हणून पुढची वीस पानं वाकडी लिहिली जातात, तो तोटा मोठा.

मागे गेल्यावर सापडणारी कारणं दोन-तीनच असतात. पात्राला हवं ते फार लवकर मिळालं, हे एक. दुसरं, कथानकाला पुढची घटना हवी म्हणून लेखकाने पात्राकडून त्याच्या स्वभावाविरुद्ध काही करून घेतलं. एरवी सावध असणारी बाई अनोळखी माणसाला घराची किल्ली देऊन बसते आणि तिथून पुढे तिचं एकही वाक्य खरं वाटत नाही. तिसरं कारण अगदी किरकोळ: त्या प्रसंगाची गरजच नव्हती. पात्र उठलं, आवरलं, जिना उतरलं, गाडीत बसलं. लिहिणाऱ्यालाच कंटाळा आलाय. अशा वेळी एक ओळ मोकळी सोडा आणि पात्र जिथे पोहोचायचं होतं तिथूनच सुरुवात करा.

पहिलं प्रकरण घासत राहणं

'पाऊस थांबला होता.' मग 'पाऊस नुकताच थांबला होता.' मग 'नुकताच' काढला. दुसऱ्या दिवशी परत घातला. घातलेला शब्द काढून पुन्हा घालायची पाळी आली की समजावं, लिखाण थांबलं आणि घासकाम सुरू झालं.

पहिलं वाक्य आत्ता जमतच नाही, याला साधं कारण आहे. गोष्ट कुठे संपणार याची चाहूल त्या वाक्याने द्यायची असते आणि शेवट तर अजून तुम्हालाच ठाऊक नसतो. शेवट हाती आल्यावर सुरुवातीची दोन-तीन पानं सर्रास उडवावी लागतात. ती पानं महिनाभर घासून चकचकीत केली असतील, तर उडवायला हात होत नाही आणि तिथे घोळ होतो. चांगल्या वाक्यांच्या मोहापायी चुकीची सुरुवात तशीच राहते.

म्हणून लिखाण अडलेलं नसेल तर पहिला खर्डा संपेपर्यंत मागचं वाचायचं ते फक्त सूर पकडण्यापुरतं: काल लिहिलेलं शेवटचं एक पान, दहा मिनिटांत. वाचताना जे खटकेल ते तिथे दुरुस्त न करता वहीत टिपा: 'प्रकरण २, आजोबांचं वय आधी ७०, नंतर ७८.' मोठा बदल करायचा असला तरी हाच नियम. अर्ध्यात आल्यावर वाटलं की निवेदन 'मी'ऐवजी तृतीयपुरुषी हवं, किंवा धाकट्या भावाची गरज नाही, तर वहीत नोंद करा आणि आजपासून असं लिहा जणू तो बदल पहिल्या पानापासूनच होता. पन्नास पानं दुरुस्त करायला मागे गेलेला लेखक एकावन्नावं पान लिहायला क्वचितच परततो.

शब्दाखालच्या लाल रेघेशी भांडणं

देवनागरीत टाइप करणाऱ्यांना ही अडचण जरा जास्तच छळते. पात्रांची नावं, बोलीतले शब्द, 'म्हंजे', 'न्हाई', सगळ्यांखाली लाल रेघा. त्यात ऱ्हस्व-दीर्घाची शंका आली की वाक्य अर्धं टाकून कोश उघडला जातो. खर्डा लिहिताना शुद्धलेखन तपासणी सरळ बंद ठेवा. 'की' आणि 'कि'चा निकाल मुद्रितशोधनाच्या वेळी लावता येतो.

की-बोर्डच दर शब्दाला पाच पर्याय पुढे करत असेल तर पर्यायसूची बंद करा, नाहीतर तेवढ्यापुरते कागदावर लिहा. बोलून टाइप करण्याची सोय संवादांना फार उपयोगी पडते, कारण लिहिताना पुस्तकी होणारं वाक्य बोलताना आपोआप सरळ होतं. मात्र त्यात विरामचिन्हं धड येत नाहीत आणि काही शब्द भलतेच उमटतात. तो मजकूर त्याच दिवशी एकदा वाचून नीट करा. आठवड्याने पाहिलात तर आपणच काय बोललो होतो ते कळत नाही.

माहिती काढायला उठणं

रात्री दवाखान्यात कोण ड्युटीवर असतं? बंदुकीच्या गोळीचा आवाज किती दूरवर जातो? पाच मिनिटांसाठी शोधायला गेलेला माणूस दीड तासाने परततो, तोवर प्रसंगाची ऊब गेलेली असते. शिवाय काम केल्यासारखं वाटतं, त्यामुळे मन खातही नाही.

त्या जागी चौकटी कंसात खूण टाका: [क्षक्ष रात्रपाळीला कोण?]. 'क्षक्ष' ही अक्षरं मराठीत जोडीने सहसा येत नाहीत, त्यामुळे खर्डा संपल्यावर शोधलं की सगळ्या खुणा एका दमात सापडतात. हीच युक्ती न सुचलेल्या नावाला, उपमेला, अख्ख्या वर्णनालाही चालते: [क्षक्ष इथे खोलीचा वास]. खर्डा संपेपर्यंत यातल्या बऱ्याच जागा गरज नाही म्हणून गळून पडतात.

अपवाद एकच. उत्तरावर कथानक उलटंपालटं होणार असेल, म्हणजे विषाने माणूस दहा मिनिटांत मरतो की दोन दिवसांत असा प्रश्न असेल, तर लिहायच्या आधी शोधा. पण लिहायच्या वेळेत नको.

रोजचा आकडा फुगवणं

अँथनी ट्रॉलप हे इंग्रज कादंबरीकार टपाल खात्यातली नोकरी सांभाळून पहाटे साडेपाचला लिहायला बसत आणि समोर घड्याळ ठेवून पाव तासाला २५० शब्द लिहीत. हा आकडा वाचून अनेक जण दिवसाला दोन हजार शब्दांचा संकल्प सोडतात आणि चौथ्या दिवशी मोडतात. ट्रॉलप यांच्याकडून आकड्याऐवजी दुसरी गोष्ट उचलावी: त्यांनी आदल्या दिवसाचं वाचायलाही अर्धा तास बांधून दिला होता. वेळ संपली की वाचन संपलं.

अडलेल्या माणसाने दिवसाला ३०० शब्द धरावेत, आठवड्यातून पाच दिवस. हातात फक्त पाऊण तास असेल तरी ते होतात. आठवड्याला १,५०० झाले, म्हणजे ४० आठवड्यांत ६०,००० शब्द. एवढ्यात बेताची कादंबरी होते.

इथली खरी चूक थकबाकीची. सोमवार चुकला म्हणून मंगळवारी ६००, तोही चुकला म्हणून बुधवारी ९००. गुरुवारी माणूस टेबलाकडे फिरकतच नाही. चुकलेला दिवस बुडीत खात्यात टाका. दुसऱ्या दिवशी पुन्हा ३००च.

थांबायचं कुठे, यालाही महत्त्व आहे. प्रसंग संपवून, टिंब देऊन उठलात तर उद्या पुन्हा कोरं पान समोर येतं. पुढे काय होणार हे ठाऊक असतानाच थांबावं, असा सल्ला अमेरिकन कादंबरीकार अर्नेस्ट हेमिंग्वे देत. वाक्य अर्धं सोडायची गरज नाही. खाली पुढच्या प्रसंगाच्या दोन ओळी टिपून ठेवल्या तरी भागतं: 'सुमन किल्लीबद्दल बोलत नाही. दादाला ते जास्त लागतं.'

गोष्ट आधी सांगून टाकणं

ओळखीच्या चार जणांना अख्खं कथानक रंगवून सांगितलं, त्यांनी वा-वा केली. लिहायची निम्मी ओढ तिथेच खर्च होते. अर्धं लिहिलेलं प्रकरण दाखवण्याचंही तेच. 'ती बाई जरा नाटकी वाटते' एवढ्या एका शेऱ्याने लेखक महिनाभर त्या बाईतच अडकतो. कुणी विचारलं तर पात्राचं नाव आणि वय सांगा, विषय बदला.

थकव्याला ब्लॉक म्हणणं

ही पारख सोपी आहे. साधं पत्र, दिनदर्शिकेतली नोंद, मित्राला लांबलचक निरोप हे सगळं सहज लिहून होतं, फक्त ही गोष्ट अडते, तर दोष गोष्टीत आहे. मागे जा, वर सांगितल्याप्रमाणे. गोष्टच काय, काहीच लिहवत नाही, वाचवतही नाही, तर आधी झोप आणि कामाचा भार बघा. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर लिखाणाचे उपाय बाजूला ठेवून डॉक्टरांना भेटा.

खर्डा संपल्यावर न संपणं

हेमिंग्वे यांनी एका कादंबरीचा शेवट ३९ वेळा लिहिल्याचं मुलाखतीत सांगितलं होतं. परिपूर्णतेच्या मागे लागलेल्यांना हे उदाहरण फार आवडतं. त्यांच्या नजरेतून एवढंच निसटतं की तेव्हा बाकीची कादंबरी लिहून झालेली होती.

पुनर्लेखन जरूर करावं, पण पायरीने. खर्डा संपला की किमान तीन आठवडे फाइल उघडू नका. पहिल्या फेरीत फक्त सांगाडा: कुठलं प्रकरण उडवायचं, कुठलं पुढे-मागे करायचं, आणि वहीतले मोठे बदल. दुसऱ्या फेरीत एकेक प्रसंग. तिसऱ्या फेरीत वाक्यं आणि 'क्षक्ष'च्या उरलेल्या जागा, तीही मोठ्याने वाचून. जीभ जिथे अडखळते तिथे वाक्य लांबलंय किंवा क्रियापद फार उशिरा आलंय. हा क्रम उलटा केला, म्हणजे आधी वाक्यं आणि मग सांगाडा, तर घासलेली प्रकरणं फेकावी लागतात किंवा फेकवत नाहीत म्हणून राहतात. शुद्धलेखन सगळ्यात शेवटी.

त्यानंतर छापील प्रत दोघांना द्या. 'कसं वाटलं?' हे मात्र विचारू नका, त्याला 'छान आहे' याखेरीज उत्तर मिळत नाही. दोघांच्याही हाती पेन्सिल द्या आणि जिथे लक्ष उडालं तिथे समासात बारीक टिंब काढायला सांगा, कारण लिहू नका म्हणावं. दोघांची टिंबं एकाच पानावर आली, तर त्या पानाच्या तीन पानं मागून वाचायला लागा. एकाचंच असेल तर सोडून द्या.