नोकरी सांभाळून परकीय भाषेत एम. ए. करताय? या चुका टाळा

पुण्या-मुंबईतल्या शाळांत जर्मन, फ्रेंच, जपानी शिकवणाऱ्या अनेकांची वाट साधारण सारखीच असते. कॉलेजात असताना हौसेने लावलेला क्लास, मग मॅक्स म्युलर भवन किंवा आलियाँस फ्रांसेजमधून बी-टू (ए-वन ते सी-टू या सहा चढत्या पातळ्यांतली चौथी), जपानी असेल तर एन-थ्री किंवा एन-टू (तिथे एन-फाइव्ह सगळ्यात खालची, एन-वन सगळ्यात वरची), आणि ओळखीतून मिळालेले पाचवी ते दहावीचे तास. पदवी बी. कॉम.ची नाहीतर इंजिनिअरिंगची. पाच-सात वर्षं अशी जातात. मग नवे प्राचार्य येतात, फाइली चाळतात आणि विचारतात, "मॅडम, या विषयात तुमचं पोस्ट ग्रॅज्युएशन झालंय ना?" त्यानंतर जूनमध्ये फॉर्म भरायची जी धांदल उडते, तिच्यात पुढच्या चुका हमखास होतात.

कुठे जायचंय हे न ठरवता प्रवेश घेणं

सगळ्यात महाग पडते ती ही चूक. भाषेच्या पातळीचं प्रमाणपत्र, एम. ए., बी. एड. आणि अध्यापन प्रशिक्षणाचा डिप्लोमा या चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि एकीची उणीव दुसरी भरून काढत नाही. स्टाफरूममध्ये मात्र "एम. ए. झालं की सगळं होतं" असं छातीठोकपणे सांगणारं कोणीतरी असतंच.

शाळेतच राहायचं असेल आणि कायम व्हायचं असेल, तर प्राचार्यांनी पोस्ट ग्रॅज्युएशन विचारलं तरी फाइलीतली खरी उणीव बहुधा बी. एड.ची असते, एम. ए.ची नाही. एम. ए. करून दोन वर्षांनी हे कळलेले लोक मी पाहिले आहेत. बी. एड.ची स्वतःची एक गंमत आहे. तिथे अध्यापन पद्धतीचा विषय साधारणपणे पदवीच्या विषयावरून मिळतो. त्यामुळे सातवीला जर्मन शिकवणारी बाई वाणिज्य कसं शिकवावं याचे पाठ घेऊन येते. पटो न पटो, कागद तोच लागतो.

महाराष्ट्रात कनिष्ठ महाविद्यालयात, म्हणजे अकरावी-बारावीला, शिकवायचं तर पदव्युत्तर पदवी आणि बी. एड. दोन्ही हवं. वरिष्ठ महाविद्यालयात बी. एड. कोणी विचारत नाही. तिथे एम. ए. आणि नेट किंवा सेट, म्हणजे राष्ट्रीय किंवा राज्य पातळीवरची प्राध्यापक पात्रता परीक्षा, लागते. जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकपदासाठी पीएच. डी. सक्तीची नाही, नेट-सेट हीच किमान अट आहे. भाषासंस्थेत शिकवायचं असेल तर या सगळ्यापेक्षा तुमची पातळी सी-वन आहे का आणि शिकवण्याचं प्रशिक्षण घेतलंय का, हे बघतात. जर्मनवाल्यांसाठी गोएथे इन्स्टिट्यूटचा 'डॉइच लेहरेन लेर्नेन' हा कार्यक्रम आहे. फ्रेंचवाल्यांसाठी पॅरिसच्या आलियाँस फ्रांसेजचा आणि 'क्नेद' या फ्रान्समधल्या सरकारी दूरशिक्षण संस्थेचा संयुक्त डिप्लोमा आहे. दोन्ही नोकरी करता करता होतात. पण यातलं काहीही एम. ए. म्हणून चालत नाही, हे लक्षात ठेवा.

नेटच्या बाबतीत एक आकडा आधीच पाठ करून ठेवा. एम. ए.ला ५५ टक्के लागतात. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमी लेअर ओबीसी आणि दिव्यांग उमेदवारांना ५० चालतात. टक्केवारी पूर्णांकात वर ढकलली जात नाही, ५४.८ म्हणजे ५४.८च. नोकरी करणाऱ्यांचं पहिलं सत्र जवळजवळ नेहमीच घसरतं, कारण त्याच वेळी शाळेत युनिट टेस्ट, ओपन हाउस आणि गॅदरिंगची नाटुकली चालू असतात. चौथ्या सत्रात बेरीज करून हळहळण्यापेक्षा दुसऱ्या सत्राच्या निकालानंतरच हिशोब मांडा, आणि कमी पडत असाल तर गुणसुधारणेचे नियम परीक्षा विभागातून लेखी मागून घ्या. ते विद्यापीठागणिक वेगळे असतात. वर्गमैत्रिणीच्या भावजयीचा अनुभव इथे कामाचा नाही.

शाळेच्या भवितव्याचाही विचार करा. २०१४च्या नोव्हेंबरात केंद्रीय विद्यालयांमध्ये तिसरी भाषा म्हणून असलेल्या जर्मनच्या जागी वर्षाच्या मध्येच संस्कृत आणलं गेलं, तेव्हा शिक्षक आणि मुलं दोघंही गांगरले होते. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक स्तरावर कोरियन, जपानी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश वगैरेंची नावं आहेत खरी. पण २०२३च्या शालेय अभ्यासक्रम आराखड्यात नववी-दहावीला तीन भाषा आहेत आणि त्यातल्या किमान दोन भारतीय हव्यात. तिसरी जागा इंग्रजीने घेतली, की फ्रेंच-जर्मन जादा विषयाच्या रांगेत. म्हणून फक्त सध्याची शाळा टिकवण्यासाठी एम. ए. करू नका. संस्था, कॉलेज, भाषांतर, कंपन्यांमधलं प्रशिक्षण यांपैकी आणखी एका तरी ठिकाणी चालेल असं काहीतरी हातात असू द्या.

'शिकवायचं कसं' हे एम. ए.त शिकवतील अशी अपेक्षा

आपल्याकडे परकीय भाषेतलं एम. ए. हे मुख्यतः साहित्याचं. जोडीला भाषाविज्ञान, थोडं भाषांतर, त्या देशाचा सांस्कृतिक इतिहास. अध्यापनशास्त्र असलंच तर एखादा पेपर, तोही ऐच्छिक. रानडे इन्स्टिट्यूटमधला पुणे विद्यापीठाचा विभाग, कालिनातले मुंबई विद्यापीठाचे जर्मन आणि फ्रेंच विभाग, हैदराबादचं इफ्लू (इंग्रजी आणि परकीय भाषा विद्यापीठ), पोर्तुगीजसाठी गोवा विद्यापीठ, यांपैकी कुठेही अर्ज करण्याआधी चारही सत्रांचा अभ्यासक्रम डाउनलोड करून नीट वाचा. चाळीस पोरांच्या वर्गात ए-वन कसं शिकवावं याचं उत्तर काफ्का आणि ब्रेख्त या जर्मन लेखकांमध्ये नसतं. ते शोधत आलेली माणसं दिवाळीपर्यंत वैतागतात.

साहित्य मात्र वाया जात नाही, असं माझं मत आहे. शाळेचं पाठ्यपुस्तक सोडून त्या भाषेतलं काहीच न वाचलेला शिक्षक दहावीपर्यंत चालतो, पुढे नाही.

'माझं बी-टू झालंय' या भरवशावर राहणं

प्रमाणपत्रावर बी-टू असतं, पण मधली सहा वर्षं तुम्ही "माझं नाव अमुक, मला एक भाऊ आहे" हेच शिकवलेलं असतं. सतत ए-वन शिकवणाऱ्याची स्वतःची भाषा हळूहळू ए-टूच्या आसपास येऊन बसते. वर्गात सावकाश, सोपं, तुटक बोलायची सवय जिभेला लागते. प्रवेशपरीक्षेत हे एकवेळ झाकलं जातं, कारण तिथे व्याकरण विचारतात आणि व्याकरण तुम्हाला झोपेत येतं. पहिल्या सेमिनारला चाळीस पानांचा लेख वाचून त्याच भाषेत वीस मिनिटं बोलायची वेळ आली की पितळ उघडं पडतं.

उपाय प्रवेशाच्या आधीच्या सहा महिन्यांत करायचा. डॉइचं वेलं या जर्मन प्रसारण संस्थेच्या सावकाश वाचलेल्या बातम्या किंवा जपानच्या एनएचकेच्या सोप्या जपानीतल्या बातम्या बंद करा, त्या तुमच्या विद्यार्थ्यांसाठी आहेत. नेहमीच्या वेगाचा रेडिओ ऐका. वर्तमानपत्रातला एक लांब लेख आठवड्याला वाचून त्याचा एक पानाचा सारांश हाताने लिहा, आणि तो कोणाकडून तरी तपासून घ्या. तपासून घेणं इथे महत्त्वाचं आहे. आपण शिक्षक, आपल्या चुका दुसऱ्याला कशा दाखवायच्या, हा संकोच फार जणांना नडतो.

हजेरीचं बघू म्हणणं

नियमित एम. ए.ला साधारण ७५ टक्के हजेरी लागते. विभागात "बघू, जमवू" असं कोणी प्रेमाने म्हटलं तरी हॉल तिकिटाच्या वेळी ते माणूस तुमच्या बाजूने उभं राहीलच असं नाही. प्रवेशाआधी विभागाचं मागच्या वर्षीचं वेळापत्रक मिळवा, ते शाळेच्या वेळापत्रकाशेजारी ठेवा आणि मग प्राचार्यांकडे जा. तोंडी "हो हो, करा की" यावर समाधान मानू नका. कोणत्या दिवशी लवकर निघणार, परीक्षेची रजा पगारी की बिनपगारी, एवढं ईमेलवर येऊ द्या. सीबीएसई शाळांचं नवं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं आणि विद्यापीठाची उन्हाळी परीक्षा त्याच सुमारास येते. ही टक्कर दरवर्षी होते, तरी दरवर्षी लोकांना ती नवी वाटते.

हजेरी आधीच कमी पडली असेल तर सत्राच्या मध्यावर विभागप्रमुखांना भेटा. तेव्हा जादा काम, सादरीकरण, भरपाईचे तास असे काही मार्ग निघू शकतात. शेवटच्या आठवड्यात फक्त अर्ज उरतो.

दूरशिक्षणाबद्दल विनाकारण नाक मुरडलं जातं. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलंय, की मान्यताप्राप्त दूरस्थ आणि ऑनलाइन पदव्या नियमित पदव्यांशी समकक्ष आहेत. अट एकच. त्या विद्यापीठाला, त्या अभ्यासक्रमासाठी, त्या वर्षी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाची मान्यता हवी. यादी त्यांच्या संकेतस्थळावर असते आणि प्रवेशासाठी आता डेब-आयडी, म्हणजे याच विभागाचा विद्यार्थी ओळख क्रमांक, काढावा लागतो. एजंटने व्हॉट्सॲपवर पाठवलेला मान्यतेचा फोटो हा पुरावा नव्हे. एकाच वेळी दोन पदव्या करायला २०२२ पासून परवानगी आहे, म्हणून एम. ए. आणि बी. एड. एकत्र उरकायचा मोह होतो. पण बी. एड.ला राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषदेचे स्वतःचे नियम लागू होतात, पाठ आणि शाळेतली इंटर्नशिप असते. वर नोकरी. हा बेत बहुधा पहिल्या पावसातच वाहून जातो.

प्रबंधाला आभाळाएवढा विषय घेणं

नव्या रचनेत महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत पहिल्या सत्रात संशोधन पद्धती, दुसऱ्यात कार्यप्रशिक्षण किंवा क्षेत्रकार्य आणि शेवटच्या दोन सत्रांत संशोधन प्रकल्प असतो. नोकरी करणाऱ्या शिक्षकाकडे इथे इतरांकडे नसलेली गोष्ट असते, ती म्हणजे रोजचा वर्ग. आणि तरीही विषय निवडला जातो 'युद्धोत्तर जर्मन साहित्यातील स्त्री'. कशासाठी?

तुमच्यासमोर मराठी बोलणारी मुलं बसलेली आहेत. मराठीत तीन लिंगं, जर्मनमध्येही तीन. म्हणजे नपुंसकलिंग ही भानगड त्यांना समजावून सांगावी लागत नाही, इंग्रजीतून शिकणाऱ्याला लागते. पण मग तो सूर्य आणि 'डी झोनं' स्त्रीलिंगी, ते टेबल आणि 'डेर टिश' पुल्लिंगी. पुस्तक आणि 'दास बूख' मात्र दोन्हीकडे नपुंसकलिंगी. आठवीची मुलं जर्मनचं लिंग चुकतात तेव्हा मराठीच्या लिंगाकडे झुकतात, की सरसकट 'डी' लावून मोकळी होतात? एका तुकडीच्या शंभर उत्तरपत्रिका समोर घेऊन बसलात तर हा प्रकल्प उभा राहतो. जपानीत क्रियापद मराठीसारखंच वाक्याच्या शेवटी येतं आणि नामाला मागून प्रत्यय जोडावेत तसे निपात, म्हणजे 'वा', 'गा' यांसारखे छोटे शब्द, लागतात. तरीही बरीच पुस्तकं हे सगळं इंग्रजीच्या वळणाने समजावतात. 'वा' आणि 'गा' यांची गल्लत मराठी मुलं कुठे करतात, कुठे करत नाहीत, हे तुमच्याइतकं जवळून कोणाला दिसणार? फ्रेंचमध्ये दोनच लिंगं, म्हणून मराठी मुलांचं नपुंसकलिंग तिथे कुठे जाऊन बसतं, हाही एक विषय.

यात एक काळजी घ्या. मुलांच्या उत्तरपत्रिका वापरायच्या तर शाळेची आणि पालकांची लेखी संमती आधी घ्या, नावं काढून टाका, वर्गाचे फोटो प्रबंधात लावू नका. कार्यप्रशिक्षण स्वतःच्याच शाळेत चालेल का, हे दुसरं सत्र सुरू होण्याआधी विभागाला विचारा. कुठे चालतं, कुठे दुसरी संस्था दाखवावी लागते.

परदेशी शिष्यवृत्त्यांच्या अटी न वाचणं

थोडक्यात तीन गोष्टी. डाड या जर्मनीच्या शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेच्या पदव्युत्तर शिष्यवृत्तीसाठी शेवटची पदवी साधारण सहा वर्षांहून जुनी चालत नाही. "आधी दहा वर्षं अनुभव घेते, मग जाते" हा हिशोब तिथे चुकतो. जर्मनीत शिकायला जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचा दाखला, लागतं आणि त्याला वेळ जातो. जपान सरकारची शिक्षक प्रशिक्षण शिष्यवृत्ती शाळेत पाच वर्षं शिकवलेल्यांसाठी आहे, कालावधी दीड वर्षापर्यंत. पण तिच्यातून पदवी मिळत नाही. परत येऊन ती एम. ए.च्या रकान्यात लिहिता येणार नाही.

मध्येच सोडावं लागलं तर नुसतं गायब होणं

बाळंतपण, बदली, आईवडिलांचं आजारपण, कारणं खरी असतात. बरेच जण तिसऱ्या सत्रात यायचे बंद होतात आणि विभागाला काही कळवतही नाहीत. आता दोन वर्षांच्या एम. ए.मध्ये पहिलं वर्ष पूर्ण करून बाहेर पडणाऱ्याला पदव्युत्तर पदविका घेण्याची सोय आहे, पण त्यासाठी रीतसर अर्ज करावा लागतो. मिळवलेली क्रेडिट्स, म्हणजे पूर्ण केलेल्या अभ्यासाचे श्रेयांक, अॅकॅडमिक बँक या ऑनलाइन खात्यात जास्तीत जास्त सात वर्षं जमा राहतात. ती तुमच्या खात्यावर खरोखर दिसताहेत का, हे निघण्याआधी लॉगिन करून बघा. नसतील तर दोन्ही सत्रांची गुणपत्रकं घेऊन परीक्षा विभागात त्याच आठवड्यात जा. वर्षभराने गेलात तर खिडकीवरचा माणूस बदललेला असतो, आणि नवा माणूस तुम्हाला पुन्हा विभागाकडे पाठवतो.