पगारातून कापलेला टॅक्स बरोबर आहे का, आणि जादा कापला असेल तर परत कसा घ्यायचा

टॅक्स म्हटलं की ऑफिसात हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे "अरे इंक्रीमेंट झालं आणि वरच्या स्लॅबमध्ये गेलो, आता सगळ्या पगारावर जास्त टॅक्स". तसं नसतं हो. वरचा दर फक्त त्या स्लॅबमध्ये, म्हणजे उत्पन्नाच्या त्या टप्प्यात, पडणाऱ्या रकमेला लागतो, खालच्या पैशांना खालचाच दर.

आधी आपला टॅक्स स्वतः काढून बघा, कागद-पेन पुरे. २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी, नव्या रेजीममध्ये (टॅक्स काढायच्या जुन्या आणि नव्या अशा दोन पद्धती आहेत, त्यातली नवी) पहिले ४ लाख माफ, ४ ते ८ लाखांवर ५%, ८ ते १२ वर १०%, १२ ते १६ वर १५%, १६ ते २० वर २०%, २० ते २४ वर २५% आणि त्याच्या वर ३०%. समजा वर्षाचा पगार १५ लाख. त्यातून स्टँडर्ड डिडक्शनचे (पगारदारांना सरसकट मिळणारी वजावट) ७५ हजार वजा केले की उरले १४ लाख २५ हजार. मग २० हजार, अधिक ४० हजार, अधिक सव्वादोन लाखांवर १५ टक्क्यांनी ३३,७५०, म्हणजे ९३,७५०, त्यावर ४% सेस (टॅक्सवरचा उपकर), झाले ९७,५००. महिन्याला ८,१२५. पगाराच्या स्लिपवर टीडीएस (पगारातून आधीच कापलेला टॅक्स) साधारण एवढाच दिसला पाहिजे.

पगार १२ लाख ७५ हजारांपर्यंत असेल आणि दुसरं उत्पन्न नसेल तर रिबेटमुळे, म्हणजे टॅक्समध्ये मिळणाऱ्या सुटीमुळे, टॅक्स शून्य (शेअर्सच्या नफ्यावरच्या टॅक्सला मात्र हा रिबेट मिळत नाही, तिथे बरेच जण फसतात). त्याच्या जरा वर मात्र गंमत आहे: पगार १२ लाख ८५ हजार झाला तर टॅक्स १०,४०० येतो, म्हणजे वाढलेले दहा हजार गेले आणि सेसचे चारशे खिशातून. हा पट्टा साधारण ७० हजारांचाच आहे, त्यापुढे वाढ हातात यायला लागते.

आता कापतात कसं ते. एचआर वर्षाच्या सुरुवातीला तुमच्या वर्षभराच्या पगाराचा अंदाज धरतं आणि येणारा टॅक्स महिन्यांवर वाटून टाकतं, म्हणून एप्रिलमध्येच रेजीम कुठला ते कळवा. जुना घेतला असेल तर भाड्याच्या पावत्या, ८०सी (पीएफ, विमा अशा गुंतवणुकीवरची सूट) वगैरेचे प्रूफ मागतील तेव्हा लगेच द्या, नाहीतर फेब्रुवारी-मार्चचा पगार हातात येतो तो बघवत नाही.

नोकरी बदलणाऱ्यांनी इथे नीट लक्ष द्या. वर्षाला १४ लाख पगार, सहा महिने एका कंपनीत, सहा महिने दुसरीकडे तेवढ्याच पगारावर. पूर्ण वर्षाचा टॅक्स ८१,९००. पहिल्या कंपनीने दरमहा ६,८२५ प्रमाणे ४०,९५० कापले, पण दुसरीला आधीचं काही माहीतच नाही, ती बघते फक्त सात लाख आणि कापते शून्य. आपण खूश, पगार वाढल्यासारखा वाटतो, आणि जुलैत रिटर्न भरताना उरलेले ४०,९५० व्याजासकट भरायला लागतात. उपाय सोपा आहे, जॉइन झाल्या झाल्या फॉर्म १२बी भरून आधीचा पगार आणि टीडीएस कळवून टाका.

जूनच्या मध्यापर्यंत कंपनीकडून फॉर्म १६ (पगार आणि कापलेल्या टॅक्सचा दाखला) मिळतो. तो आला की इन्कम टॅक्सच्या पोर्टलवरच्या २६एएस (तुमच्या नावावर जमा झालेला टॅक्स) आणि एआयएसशी (तुमच्या उत्पन्नाची आणि व्यवहारांची यादी) ताडून बघा, कारण कंपनीने कापलं पण २६एएसमध्ये दिसत नाही असं झालं तर रिफंड अडकतो, आधी अकाउंट्सच्या मागे लागा. एफडीचं व्याजही एआयएसमध्ये येतं, बँकेने त्यावर १०% कापलं म्हणजे विषय संपला असं नाही, ते उत्पन्नात धरावंच लागतं.

जादा कापलेला टॅक्स परत मिळतो तो रिटर्न भरूनच. रिटर्न भरलात की ३० दिवसांत ई-व्हेरिफाय (ऑनलाइन पडताळणी) करा, आधार ओटीपीने दोन मिनिटांचं काम आहे. रिफंड येतो तो पोर्टलवर प्री-व्हॅलिडेट केलेल्या (आधीच तपासून घेतलेल्या) खात्यातच, त्यामुळे बँक बदलली असेल तर आधीच तिथे दुरुस्त करा, परत गेलाच तर रिफंड री-इश्यूची रिक्वेस्ट टाकता येते. आणि "तुमचा रिफंड मंजूर झालाय, लिंकवर क्लिक करा" असा मेसेज आला तर सरळ डिलीट.

मोठा रिफंड आला म्हणून पेढे वाटणारे मी पाहिलेत, पण ते आपलेच पैसे असतात, सरकारकडे पडून राहिलेले. त्यावर महिन्याला अर्धा टक्का व्याज मिळतं, तेही रिफंड एकूण टॅक्सच्या १० टक्क्यांपेक्षा कमी नसेल तरच. आणि ते व्याज पुढच्या वर्षीच्या रिटर्नमध्ये उत्पन्न म्हणून दाखवायचं असतं.