'सेक्वेंत्सा ५' बसवताना या चुका टाळा

लुचानो बेरिओ या इटालियन संगीतकाराच्या 'सेक्वेंत्सा ५'मध्ये (१९६६) ट्रॉम्बोनवादक (ट्रॉम्बोन म्हणजे सरकत्या नळीचं पितळी फुंकवाद्य) वाजवतो, वाजवता वाजवता गातो, श्वास आत घेतानाही आवाज काढतो आणि मध्येच 'व्हाय?' (का?) विचारून खाली बसतो. सगळा मामला पाच-सात मिनिटांचा. बहुतेकजण तो तुकड्यांत बसवतात: आधी सूर, मग गळा, मग म्यूट (आवाज दाबायची वाटी), आणि 'अभिनय' रंगीत तालमीला. बिघाड तिथेच होतो. अभिनयातल्या पोजसाठी वाद्य उंचावलं की माउथपीसचा कोन बदलतो, ओठांवरचा दाब सरकतो आणि घोटून तयार केलेला सूर ऐनवेळी फुटतो. पोज पहिल्या दिवसापासून सुरांसोबतच बसवा. वळायचं असेल तर मान वळवू नका. पावलं आणि कंबर वळवा, म्हणजे माउथपीस जागेवर राहतो.

सगळ्यात जास्त वेळ गळ्याला द्यावा लागतो. वाजवलेला आणि गायलेला, दोन्ही सूर एकाच श्वासावर चालतात. गळा आवळला की ओठांना हवा पुरत नाही आणि वाजवलेला सूर विझतो. ओठांवर जोर दिला की गायलेला सूर नकळत त्याच्याकडे घसरतो. उपाय असा: तानपुऱ्याचं अ‍ॅप बी-फ्लॅटवर लावा. स्लाइड (सरकती नळी) पूर्ण आत ठेवून बी-फ्लॅट (सुमारे ११६.५ हर्ट्‌झ) हलकाच वाजवा. हा तुमचा सा. आता थांबून पंचम नुसता गा. मग ओठ माउथपीसला लावून, ते न थरथरवता, तोच पंचम वाद्यात गा. तो स्थिर झाला की ओठांचा सा हळूच खालून सोडा. गाणं आधी, वाजवणं नंतर. हा क्रम उलटा केला की पंचम हमखास उतरतो.

पंचम चोख लागला की आणखी दोन सूर आपोआप उमटतात: खालच्या सप्तकातला सा आणि वरच्या सप्तकातला शुद्ध गंधार. सा आणि पंचम यांचं प्रमाण २:३, त्यांची वजाबाकी १ आणि बेरीज ५, एवढंच त्यामागचं गणित. गंधाराऐवजी घरघर आली तर समजा पंचम हललाय. जोर वाढवून काही होत नाही. आवाज उंच असेल आणि तुम्ही पंचम एक सप्तक वर गात असाल, तर गंधार शोधत बसू नका. तिथे दोन्ही जादा सूर साच असतात. सुरुवातीला दिवसाला दहा मिनिटं पुरे. आत ओढलेल्या श्वासावरचा आवाज घसा लवकर कोरडा करतो, त्यामुळे तो भाग सरावाच्या शेवटी ठेवू नका.

प्लंजर म्यूटची चूक साधी, पण सगळेच करतात: तो बेलवर, म्हणजे वाद्याच्या पसरट तोंडावर, घट्ट दाबतात. बेल पूर्ण बंद झाली की सूर चढतो. किंचित फट ठेवा, आणि पूर्ण बंदच हवा असेल तिथे स्लाइड थोडी बाहेर काढून सूर सावरा. सरावाला टॉयलेटचा रबरी पंप (दांडा काढून) चालतो, पण बेलमध्ये म्यूट खडखडवायचा असतो तिथे रबर मुकं राहतं. कार्यक्रमाला धातूचाच घ्या. डाव्या हातात वाद्याचं वजन आणि म्यूट दोन्ही येतात, म्हणून बेल हळूहळू खाली झुकते. आरशासमोर तपासा.

आता 'व्हाय'. मराठी तोंडातून तो 'व्ह'ने सुरू होतो, म्हणजे दात खालच्या ओठाला टेकतात. इथे ते नको. ओठांचा चंबू करून 'ऊ-आ-ई' असा एकसंध उच्चार करा, कारण प्लंजरही नेमकं तेच करतो: बंद म्हणजे 'ऊ', उघडा म्हणजे 'आ'. वाद्य आणि तोंड एकमेकांची नक्कल करत असतात, ती या एका शब्दात ऐकू यायला हवी.

ही रचना ग्रॉक या स्विस विदूषकाच्या स्मृतीला आहे, म्हणून काहीजण लाल नाक लावून येतात. आमच्या मते तो उतावळेपणा आहे. पहिल्या भागात उभा असतो तो एखादं जुनं लोकप्रिय गाणं ऐकवायला निघालेला, नटूनथटून आलेला कलाकार. हसू आलंच पाहिजे असा हट्ट धरला की प्रश्न हरवतो. 'व्हाय?'नंतर टाळीसाठी थांबणं ही त्याहून वाईट खोड. दुसरा भाग लगेच, बसून, रिकाम्या सभागृहात एकट्याने सराव चालल्यासारखा सुरू होतो. खुर्ची बिनहाताची घ्या. हाताची असेल तर कोपर अडतं. स्टँड इतका खाली ठेवा की पूर्ण बाहेर काढलेली स्लाइडही त्याला लागणार नाही.

आणि स्लाइडचं लॉक: विंगेतून येताना लावलेलं, पहिल्या पोजआधी उघडलेलं. उघडायला विसरलात तर स्लाइड हलतच नाही. मध्ये वाद्य खाली घेताना उजवा हात सोडलात तर बाहेरची नळी घसरून थेट फळ्यांवर, आणि तिला एक पोचा बसला की त्या रात्री पुढचं वाजवणं विसरा.