वीस मार्कांच्या चाचणीवर किती भिस्त ठेवायची?

घटक चाचणीचे पेपर तपासले की लगेच मार्क चढवू नका. कोऱ्या कागदावर पोरांची नावं लिहा, पुढे दोन रकाने आखा: एकात विषम क्रमांकाच्या प्रश्नांचे गुण, दुसऱ्यात सम क्रमांकाच्या. एकाच पोट्ट्याला इकडे नऊ अन् तिकडे तीन, असं बऱ्याच जणांचं दिसलं तर आधी पेपरावर संशय घ्या, पोरांवर नाही.

डी.एड.ला आपण ‘अर्धविच्छेद पद्धत’ पाठ केली, ती हीच. मोबाइलवरच्या एक्सेलमध्ये दोन्ही रकान्यांचा सहसंबंध (दोन्हीकडचे गुण किती सोबत चालतात ते; पूर्ण जुळले तर १) काढा. समजा ०.६ आला, तो अर्ध्याच पेपराचा. स्पिअरमन आणि ब्राऊन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९१० मध्ये वेगवेगळं मांडलेलं सूत्र लावा: ०.६ ची दुप्पट १.२, तिला १.६ ने भागा. पूर्ण पेपराची विश्वसनीयता, म्हणजे गुणांवर किती भिस्त ठेवता येईल ते, ०.७५. वर्गातल्या चाचणीसाठी मला एवढी पुरते. मात्र एका उताऱ्यावरचे प्रश्न फोडू नका, एकाच रकान्यात ठेवा. आणि वेळ कमी पडून निम्म्या वर्गाचा पेपर अर्धवट राहिला असेल, तर हा आकडा उगाच फुगतो.

तोच पेपर पुन्हा घेण्याची पद्धतही आहे, पण आमच्या यवतमाळकडे दिवाळीनंतर ती जमत नाही. कापसाच्या वेचणीला अर्धा वर्ग वावरात. आले तरी मधल्या काळात कोणी विसरलेलं, कोणी शिकलेलं.

आता ०.७५ चं करायचं काय? गुणांचं प्रमाण विचलन (वर्गाचे गुण सरासरीभोवती किती पसरलेत ते) ४ असेल तर प्रमाण त्रुटी, म्हणजे एकाच पोराच्या गुणांत किती चूक असू शकते ते, ४ गुणिले (१ वजा ०.७५, म्हणजे) ०.२५ चं वर्गमूळ, म्हणजे २. अकरा मार्कांचं पोरगं खरं तर नऊचंही असू शकतं, तेराचंही. मग अकरावाल्याला ‘कच्चा’ अन् बारावाल्याला ‘बरा’ म्हणायला आधार काय?

निबंधाला हे गणित लागत नाही. नाव झाकून शेजारच्या वर्गाच्या मॅडमकडून पाच-सहा पेपर तपासून घ्या, तफावत लगेच कळते.

एक गोष्ट मात्र कुठलाच आकडा दाखवत नाही. तांड्यावरची पोरं घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतात. शाब्दिक उदाहरणाचं मराठी लांबलचक असलं की ती तिथंच अडतात, दर वेळी अडतात. विश्वसनीयता झकास येते, फक्त मोजलं गेलं वाचन, गणित नाही. त्यांना तेच उदाहरण तोंडी विचारा. सुटलं, तर पुढच्या पेपरात वाक्यं तोडून लिहा आणि दहाऐवजी वीस छोटे प्रश्न घाला.